संपादित छायाचित्रे एका लायब्ररीतून दुसरीत नेताना मूळ प्रत, केलेले बदल आणि माहिती कशी टिकवावी?

कुळागर (माशेल)

सर्वांना नमस्कार.

आमच्या मामांनी गेली अनेक वर्षे गोव्यातील जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रे (पांढऱ्या चुन्यावर तांबड्या रंगात काढलेली), माशेलच्या देवकीकृष्ण देवस्थानासमोर चिखलात खेळला जाणारा चिखलकाला, आणि डिचोली व सत्तरी भागातील घोडेमोडणी व रणमाले या लोककला यांची छायाचित्रे काढली आहेत. त्यांपैकी काही भिंतींवर नंतर तैलरंग चढला असल्यामुळे ती छायाचित्रे पुन्हा काढता येणार नाहीत. मामांचा संग्रह विंडोज संगणकावर लाइटरूम क्लासिक या छायाचित्र-संपादनाच्या प्रोग्रॅमच्या कॅटलॉगमध्ये आहे आणि त्यातील बहुतेक छायाचित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या फाईलींच्या रूपात, आहेत. माझी छायाचित्रे मॅकवरील फोटोज या प्रोग्रॅमच्या दोन लायब्रऱ्यांमध्ये विभागलेली असून त्यांतील जुनी लायब्ररी मुळात ॲपलच्या ॲपर्चर या जुन्या प्रोग्रॅममधून आलेली आहे. मामेबहिणीने फोनवर काढलेली छायाचित्रे गूगल फोटोजवर आहेत. हे सर्व एका जागी, मॅकवर, आणण्याचा आमचा विचार आहे.

काही मोजक्या छायाचित्रांवर मी प्रयोग करून पाहिला. फोटोजमधून ‘एक्स्पोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल’ हा पर्याय निवडला असता छायाचित्र मिळाले, पण त्यावरील सगळे संपादन गेले. साधा एक्स्पोर्ट केला असता संपादन दिसले, परंतु नव्या लायब्ररीत ते मागे घेता येईना आणि बऱ्याच छायाचित्रांखालील मराठी मजकूरही गायब होता. संपादन टिकावे, मूळ छायाचित्र हाताशी राहावे आणि मामांनी कष्टाने लिहिलेली स्थळ, काळ व प्रसंग यांची माहितीही हरवू नये, असा मार्ग कोणता? जुन्या लायब्रऱ्या काढून टाकण्यापूर्वी सर्व काही आले आहे याची खात्री कशी करावी, हेही कृपया सांगावे.

जांभा (साखळी)

कुळागर यांस, आपण प्रयोग मोजक्या छायाचित्रांवर केलात हे फार बरे झाले, कारण त्यातूनच या विषयाची खरी अडचण आपल्यासमोर आली आहे. आजचे बहुतेक प्रोग्रॅम मूळ छायाचित्राला हात लावत नाहीत. उजेड वाढवला, कड कापली, रंग बदलला, की त्या कृतींच्या सूचना प्रोग्रॅम स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो आणि पडद्यावर दाखवताना मूळ छायाचित्रावर त्या लागू करतो. म्हणजे आपण ज्याला संपादित छायाचित्र म्हणतो ते प्रत्यक्षात मूळ फाईल, सूचनांचा संच आणि त्या दोहोंतून तयार होणारे दृश्य अशा स्वरूपात असते, आणि त्याच्या जोडीला मथळा, कीवर्ड, तारीख व स्थळ ही माहिती असते. आपल्या पहिल्या प्रयोगात केवळ मूळ फाईल आली आणि दुसऱ्यात केवळ दृश्य आले.

सूचना एका प्रोग्रॅमच्या दुसऱ्याला समजत नाहीत, हे आधीच मान्य करावे लागते. लाइटरूममधील हायलाइट्सचा आकडा फोटोजला दिला तरी त्यातून तेच दृश्य निघणार नाही, कारण रॉ फाईल उलगडण्याची प्रत्येकाची गणिती पद्धत वेगळी आहे. डार्कटेबलसारखा मुक्त प्रोग्रॅम लाइटरूमच्या सूचनांपैकी काही थोड्या वाचतो, पण त्यावर संग्रह सोपवणे योग्य नाही. त्यामुळे स्थलांतर त्याच प्रोग्रॅममध्ये होत असेल तर सूचनांसह करावे, आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये होत असेल तर मूळ फाईल व तयार दृश्य अशा दोन्ही प्रती शेजारी शेजारी न्याव्यात.

मामांचा संग्रह लाइटरूम क्लासिकमधून लाइटरूम क्लासिकमध्येच जाणार असेल तर आपले काम सर्वांत सुरक्षित रीतीने होऊ शकते. विंडोज आणि मॅक या दोन्हींवर कॅटलॉगची फाईल एकच असते. तिच्या नावाचा शेवट एलआरकॅट असा होतो. कॅटलॉगमध्ये छायाचित्रे नसतात. त्यात छायाचित्रे डिस्कवर कोठे आहेत याची नोंद, संपादनाच्या सूचना, पायऱ्यांचा इतिहास, कलेक्शन्स (अल्बमसारखे गट) आणि आभासी प्रती (एकाच मूळ फाईलवरील संपादनाच्या वेगळ्या आवृत्त्या) असतात. म्हणून लाइटरूम बंद करून कॅटलॉगची फाईल आणि छायाचित्रांचे संपूर्ण फोल्डर, आतील रचना जराही न बदलता, नव्या डिस्कवर उतरवावे. मॅकवर कॅटलॉग उघडल्यावर फोल्डरांच्या नावांपुढे प्रश्नचिन्हे दिसतील, कारण विंडोजवरील डी किंवा ई या ड्राइव्हची अक्षरे मॅकला ठाऊक नसतात. त्याने घाबरून जाऊ नये. सर्वांत वरचे फोल्डर दिसत नसल्यास ‘शो पेरेंट फोल्डर’ निवडावे आणि त्याच फोल्डरवर ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ वापरून त्याची नवी जागा दाखवावी, म्हणजे त्याखालील सारी फोल्डरे एकदम जुळतात. जुनी छायाचित्रे ‘इम्पोर्ट’ने नव्याने आत घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याने आभासी प्रती, कलेक्शन्स आणि इतिहास यांच्याशी असलेला दुवा तुटतो.

मॅकवर आपला लाइटरूम कॅटलॉग आधीपासून असेल तर मामांचा कॅटलॉग प्रथम स्वतंत्रपणे उघडून पाहावा आणि सर्व ठीक असल्याची खात्री झाल्यावरच ‘इम्पोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग’ने तो आपल्या कॅटलॉगमध्ये मिसळावा. या मार्गाने संपादन, आभासी प्रती आणि कलेक्शन्स येतात, परंतु पब्लिश सर्व्हिसेसची, म्हणजे संकेतस्थळांवर छायाचित्रे चढवण्याच्या सोयीची, जोडणी येत नाही. मामांनी स्वतः तयार केलेले प्रीसेट (साठवून ठेवलेल्या संपादनाच्या तयार सूचना) बहुधा कॅटलॉगच्या बाहेर दुसऱ्या फोल्डरमध्ये असतील, त्यामुळे ते आठवणीने वेगळे न्यावेत. प्रीव्ह्यूचे जड फोल्डर नेले नाही तरी चालते; ते नव्या संगणकावर पुन्हा तयार होते.

याशिवाय आणखी एक तजवीज निघण्यापूर्वी जुन्या संगणकावरच करावी. सर्व छायाचित्रे निवडून ‘सेव्ह मेटाडेटा टू फाईल’ चालवावे. त्यामुळे जेपेग, टिफ आणि डीएनजी (अडोबीचे रॉ स्वरूप) यांच्या बाबतीत सूचना व माहिती फाईलच्या आतच लिहिली जाते, तर कॅमेऱ्याच्या रॉ फाईलच्या बाबतीत शेजारी त्याच नावाची एक्सएमपी फाईल तयार होते. एक्सएमपी हे अडोबीने 2001 साली आणलेले आणि 2012 मध्ये आयएसओने मानक म्हणून स्वीकारलेले माहिती साठवण्याचे स्वरूप असल्यामुळे मथळे, कीवर्ड आणि लेखकाचे नाव इतर प्रोग्रॅमनाही वाचता येते. कॅटलॉग कधी खराब झाला तर संपादनाच्या सूचनांची दुसरी नोंद हातात राहते. मात्र आभासी प्रती, कलेक्शन्स आणि पायऱ्यांचा इतिहास एक्सएमपीमध्ये जात नाहीत. म्हणून एक्सएमपीला कॅटलॉगचा पर्याय मानू नये.

मामांनी फोटोशॉपमध्ये नेऊन काम केले असेल तर मूळ फाईलशेजारी नावाच्या शेवटी ‘एडिट’ असलेल्या टिफ किंवा पीएसडी फाईली असतील. ‘एन्हान्स’ची सोय, किंवा 2023 मध्ये आलेली डीनॉइजची, म्हणजे छायाचित्रातील दाणेदारपणा कमी करण्याची, सोय वापरली असेल तर ‘एन्हान्स्ड’ असे नाव लागलेल्या डीएनजी फाईलीही आढळू शकतात. जागा वाचवताना या फाईली दुबार समजून कोणी पुसू नयेत, कारण त्यांतील काम मूळ रॉमधून आपोआप परत उभे राहत नाही.

दीपमाळ (फोंडा)

जांभा यांनी लाइटरूमविषयी लिहिलेले मला पूर्णपणे मान्य आहे. मी फोटोजच्या लायब्रऱ्यांपुरते सांगतो, कारण तेथे धोका वेगळ्या ठिकाणी आहे.

फोटोजची लायब्ररी मॅकच्या फाइंडरमध्ये एकच फाईल असल्यासारखी दिसते, पण ते खरे तर एक बंद फोल्डर आहे. अलीकडच्या मॅकओएसमध्ये त्याच्या आत मूळ छायाचित्रे एका फोल्डरमध्ये आणि संपादित दृश्ये दुसऱ्या फोल्डरमध्ये असतात, आणि मूळ फाईलींची नावे बदलून त्यांना लांबलचक सांकेतिक नावे दिलेली असतात. कोणी ‘शो पॅकेज कंटेंट्स’ने आत शिरून फाईली परस्पर उचलल्या तर छायाचित्रे हाती लागतील, परंतु त्यांची नावे, अल्बम आणि संपादन यांचा संबंध तुटलेला असेल. लायब्ररी हलवायची तर ती अखंड हलवावी.

त्याआधी फोटोजच्या सेटिंग्जमध्ये आयक्लाउडचा भाग उघडून पाहावा. तेथे ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ निवडलेले असेल तर बऱ्याच मूळ प्रती मॅकवर नसतातच. केवळ लहान प्रती असतात. ‘डाउनलोड ओरिजिनल्स टू धिस मॅक’ निवडून सर्व मूळ प्रती उतरून होईपर्यंत थांबावे आणि मगच लायब्ररीची नक्कल करावी. ज्या डिस्कवर लायब्ररी ठेवायची ती एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड पद्धतीने फॉरमॅट केलेली असणे आवश्यक आहे. एक्सफॅट डिस्कवर किंवा घरातील नेटवर्क डिस्कवर ठेवलेली लायब्ररी बिघडण्याचा संभव असतो. दुसरीकडे, मामांच्या विंडोज संगणकावरून फाईली आणण्यासाठी एक्सफॅट डिस्कच सोयीची पडते, कारण मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, आणि विंडोजला एपीएफएस वाचता येत नाही. म्हणून वाहतुकीची डिस्क एक आणि मुक्कामाची डिस्क दुसरी, असे नियोजन करावे.

आपल्या दोन लायब्रऱ्या एकत्र करण्यासाठी खुद्द फोटोजमध्ये थेट आज्ञा नाही. संपादन मागे घेता येण्याजोगे ठेवून त्या एकत्र करण्याचे दोन मार्ग मला विश्वसनीय वाटतात. पॉवरफोटोज हा स्वतंत्र प्रोग्रॅम लायब्रऱ्या मिसळतो आणि मूळ प्रत, संपादन व अल्बम शक्य तितके जपतो. दुसरा मार्ग आयक्लाउडचा आहे: एक लायब्ररी ‘सिस्टिम फोटो लायब्ररी’ ठरवून ती पूर्ण वर चढू द्यावी, मग दुसरीला सिस्टिम लायब्ररी ठरवून तिचीही भर घालावी. आयक्लाउडवर दोन्ही मावतील एवढी जागा आणि भरपूर वेळ मात्र लागतो, आणि ही कृती उलट करणे अवघड असल्याने दोन्ही लायब्रऱ्यांच्या नकला आधी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवणे अनिवार्य आहे. मॅकओएस व्हेंचुरापासून, म्हणजे 2022 पासून, फोटोजमध्ये दुबार छायाचित्रांचा अल्बम आपोआप तयार होतो. त्याचा उपयोग एकत्रीकरणानंतर करावा, आधी नव्हे.

ॲपर्चरविषयी थोडेसे. ॲपलने त्याचा विकास थांबवण्याची घोषणा 2014 मध्ये केली आणि 2019 मध्ये आलेल्या कॅटालिनावर तो चालेनासा झाला. आपली जुनी लायब्ररी फोटोजमध्ये आणताना तारांकने, झेंडे आणि रंगखुणा यांचे रूपांतर कीवर्डमध्ये झालेले असेल. ‘फाइव्ह स्टार’ असे कीवर्ड आपल्याला दिसत असतील तर ती मामांच्या किंवा आपल्या जुन्या निवडीची नोंद आहे. निरर्थक समजून ती पुसू नये.

आणि जर फोटोजमधून बाहेर पडून सर्व लाइटरूममध्ये नेण्याचे ठरले, तर जांभा म्हणतात तसे दोन प्रतींनीच जावे. मूळ प्रती एक्स्पोर्ट करताना ‘आयपीटीसी ॲज एक्सएमपी’ ही चौकट निवडल्यास आपण लिहिलेली माहिती शेजारच्या फाईलमध्ये येते. संपादित प्रती एक्स्पोर्ट करताना ‘टायटल, कीवर्ड्स अँड कॅप्शन’ आणि ‘लोकेशन इन्फर्मेशन’ या चौकटी निवडाव्यात. आपल्या प्रयोगात मराठी मजकूर गेला तो बहुधा याच चौकटी रिकाम्या राहिल्यामुळे. संग्रह मोठा असेल आणि आज्ञांची खिडकी वापरण्याची सवय असेल तर ओएसएक्सफोटोज हे मुक्त साधन मूळ व संपादित अशा दोन्ही प्रती, अल्बमनुसार फोल्डर करून आणि माहिती फाईलमध्ये लिहून, एकाच वेळी काढून देते.

कुळागर (माशेल)

आपणा दोघांचेही मनापासून आभार. आयक्लाउडच्या सेटिंगविषयी लिहिलेले वाचून लगेच पाहिले. माझ्या मॅकवर ‘ऑप्टिमाइझ’च निवडलेले होते, त्यामुळे आता मूळ प्रती उतरवण्यास लावल्या आहेत.

मामांशी बोलून एकत्रित संग्रह लाइटरूम क्लासिकमध्ये ठेवण्याचे निश्चित केले आहे. दोन गोष्टी अजून विचारावयाच्या आहेत. फोटोजमधील माझ्या संपादित प्रती टिफमध्ये काढाव्यात की जेपेगमध्ये? कावी चित्रांतील तांबडा रंग पांढऱ्या चुन्यावर नेमका दिसावा यासाठी मामा फार जपतात, आणि प्रयोगातील एका प्रतीत तो फिकट झालेला त्यांना आढळला. दुसरे, मामेबहिणीच्या गूगल फोटोजमधील छायाचित्रांचे काय करावे? त्यांत शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतील पहाटेची अग्निदिव्याची छायाचित्रे आहेत आणि त्यांची तारीख अचूक राहणे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

मांडवीकाठ (पणजी)

गूगलविषयी मी सांगतो, आणि त्यात पहाटेच्या छायाचित्रांचा मुद्दा आपण उपस्थित केलात तो अगदी योग्य आहे.

गूगल टेकआउट, म्हणजे गूगलवरील आपली माहिती उतरवून घेण्याची सोय, यातून संग्रह मागवताना झिप फाईलचा आकार मोठ्यात मोठा, म्हणजे 50 जीबी, निवडावा, जेणेकरून तुकडे कमी होतील. प्रत्येक छायाचित्रासोबत एक जेसन फाईल येते आणि गूगलवर लिहिलेले वर्णन, स्थळ व तारीख तिच्यात असते. छायाचित्र एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्या झिपमध्ये असू शकते, म्हणून सर्व तुकडे उतरून एकाच फोल्डरमध्ये उघडल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये. गूगल फोटोजमध्ये संपादित केलेल्या छायाचित्राच्या दोन फाईली मिळतात: एक मूळ आणि दुसरी नावाच्या शेवटी ‘एडिटेड’ असलेली. जेसन बहुधा मूळ फाईलचीच असते, त्यामुळे माहिती लिहिणारे साधन संपादित फाईल तशीच कोरी सोडते. दोन्ही फाईलींना एकाच जेसनची माहिती मिळाली आहे की नाही हे पाहणे आवश्यक आहे. लांब नावाच्या फाईलींच्या बाबतीत जेसनचे नाव मधेच तोडलेले आढळते आणि जोडी जुळत नाही. अशा फाईली वेगळ्या काढून हाताने जुळवाव्या लागतात.

आता तारखेविषयी. जेसनमधील वेळ यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. लईराईच्या जत्रेत पहाटे 4 वाजता काढलेले छायाचित्र जेसनमध्ये आदल्या दिवशीच्या रात्री 10.30 चे ठरते. कोणत्याही साधनाने ही वेळ भारतीय वेळेत न बदलता फाईलमध्ये लिहिली तर पहाटे साडेपाचच्या आधीचे प्रत्येक छायाचित्र एक दिवस मागे जाईल, आणि जत्रेच्या, शिमग्याच्या किंवा रात्रभर चालणाऱ्या दशावताराच्या संग्रहात ते सर्वांत जास्त नुकसानकारक ठरेल. त्यामुळे फाईलच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली एक्झिफमधील (छायाचित्र काढतानाच्या नोंदींमधील) वेळ शाबूत असेल तर तिलाच प्रमाण मानावे आणि जेसनची वेळ केवळ जेथे एक्झिफ कोरे आहे तेथेच वापरावी. एक्झिफमध्ये वेळेचा विभाग लिहिण्याची सोय 2016 च्या 2.31 या आवृत्तीत आली, त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यांच्या फाईलींमध्ये केवळ स्थानिक वेळ असते. एक्झिफटूल या साधनाने हे सर्व पाहता आणि दुरुस्त करता येते. प्रथम नकलेवर चालवून पाहावे.

मामेबहिणीने गूगलवर ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलेले असेल तर तेथील प्रती दाबलेल्या असतात आणि 16 मेगापिक्सेलपेक्षा मोठी छायाचित्रे तेवढ्यावर आणलेली असतात. तिच्या फोनमध्ये मूळ प्रती अजून शिल्लक असतील तर त्या केबलने थेट उतरवाव्यात आणि गूगलच्या प्रतींमधून केवळ वर्णन घ्यावे. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रत तर कधीही संग्रहात घेऊ नये, कारण तीत एक्झिफची माहितीच उरत नाही.

मराठीत नावे देणाऱ्या आपल्यासारख्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते, कारण मराठीच्या दृष्टीने याविषयी इंग्रजीतील मार्गदर्शनात मला फारसे सापडले नाही. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एक संपूर्ण अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) अशी जोडी म्हणून. जुन्या मॅक ओएस एक्स्टेंडेड डिस्कवर हे अक्षर फोडून लिहिले जाते. विंडोजवर जसे दिले तसे राहते. डोळ्यांना दोन्ही नावे एकसारखीच दिसतात, परंतु नावावरून फाईली ताडून पाहणारा प्रोग्रॅम त्यांना वेगळ्या समजतो आणि काही फाईली हरवल्याचे सांगतो. याशिवाय देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेते, त्यामुळे लिनक्सवर चालणाऱ्या घरगुती साठवण यंत्रांवर, जेथे नावाची मर्यादा 255 बाइट आहे, तेथे नाव सुमारे 85 चिन्हांतच संपते, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त हे सर्व स्वतंत्र मोजले जाते. म्हणून फाईलचे नाव वर्ष-महिना-दिवस आणि क्रमांक एवढेच ठेवावे व मराठी मजकूर मथळा आणि कीवर्ड यांत लिहावा.

तेथेही आयपीटीसी या फाईलमध्ये मथळा व कीवर्ड लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत एका कीवर्डला 64 बाइटांची मर्यादा आहे. ‘देवकीकृष्ण देवस्थान, माशेल’ एवढे लिहिले तरी ती ओलांडली जाते आणि काही साधने शब्द मधेच तोडतात. एक्सएमपीमध्ये ही अडचण नाही. त्यामुळे देवस्थान आणि गाव असे दोन वेगळे, आखूड कीवर्ड करावेत. नवे नाव देण्याचे काम लाइटरूममध्ये आल्यावर लाइटरूममधूनच करावे; फाइंडरमधून नाव बदलल्यास कॅटलॉगला फाईल सापडत नाही.

जांभा (साखळी)

मांडवीकाठ यांनी देवनागरीविषयी लिहिलेले अतिशय मोलाचे आहे.

टिफ की जेपेग, याविषयी माझे मत असे आहे की संग्रहासाठी टिफच काढावे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 8 बिट मिळतात आणि पुढे कोणी त्या प्रतीवर पुन्हा काम केले तर चुन्याच्या पांढऱ्या भागात आणि कावेच्या तांबड्यात पट्टे उमटू शकतात. 16 बिटच्या टिफमध्ये ती भीती फारशी राहत नाही.

तांबडा रंग फिकट दिसण्याचे कारण मात्र बहुधा कलर प्रोफाइल, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचावेत याची फाईलमधील नोंद, असावे. आयफोनची छायाचित्रे डिस्प्ले पी3 मध्ये असतात, लाइटरूममधून बाहेर काढलेल्या प्रती अडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो आरजीबी मध्ये असू शकतात. प्रोफाइल फाईलमध्ये जोडलेले नसेल, किंवा उघडणारा प्रोग्रॅम ते वाचत नसेल, तर सर्वांना एसआरजीबी समजून दाखवले जाते आणि गडद तांबडा नेमका मलूल होतो. एक्स्पोर्ट करताना प्रोफाइल ‘ओरिजिनल’ ठेवावे, आणि संकेतस्थळावर किंवा फोनवर पाठवण्याच्या प्रती तेवढ्या स्वतंत्रपणे एसआरजीबीमध्ये काढाव्यात. मामांना जुन्या व नव्या संगणकावर रंग ताडून पाहायचे असतील तर दोन्ही पडदे कॅलिब्रेट केलेले आहेत की नाहीत तेही पाहावे लागेल.

दीपमाळ (फोंडा)

येथे माझे जांभा यांच्याशी थोडे मतभेद आहेत. 24 मेगापिक्सेलच्या छायाचित्राची 16 बिटची न दाबलेली टिफ सुमारे 144 एमबी होते. म्हणजे हजार छायाचित्रांना 144 जीबी, आणि ती प्रत्येक बॅकअपमध्ये तितकीच जागा घेणार. मूळ फाईल फोनमधील 8 बिट जेपेग असेल तर तिच्यापासून 16 बिटची टिफ केल्याने मुळात नसलेला तपशील निर्माण होत नाही. माझ्या मते कावी चित्रे, छपाईसाठी निवडलेली छायाचित्रे आणि ज्यांची मूळ फाईल रॉ आहे ती टिफमध्ये काढावीत. बाकीची संपादित छायाचित्रे ‘मॅक्झिमम’ दर्जाच्या जेपेगमध्ये पुरेशी आहेत, कारण त्यांची मूळ प्रत आपण शेजारी ठेवणारच आहोत. संग्रह इतका जड करू नये की त्याची दुसरी नक्कल काढण्याचाच कंटाळा येईल. हानी बहुतेक वेळा तेथूनच सुरू होते, असे माझे निरीक्षण आहे.

जांभा (साखळी)

दीपमाळ यांचा युक्तिवाद रास्त आहे आणि फोनमधील छायाचित्रांपुरता मी तो मान्य करतो. कावी चित्रांच्या बाबतीत आपले दोघांचे एकमत आहेच.

आता खात्री करण्याविषयी, कारण कुळागर यांच्या मूळ प्रश्नातील तो भाग अजून राहिला आहे. नुसती संख्या जुळणे पुरेसे नाही. पण सुरुवात संख्येपासूनच करावी आणि रॉ, जेपेग, टिफ, व्हिडिओ व एक्सएमपी यांची संख्या वेगवेगळी मोजावी. त्यानंतर मूळ फाईलींचे एसएचए-256 (फाईलच्या मजकुरावरून निघणारा, ताडून पाहण्यासाठीचा सांकेतिक ठसा) काढून जुन्या व नव्या डिस्कवरील यादी ताडावी. विंडोज आणि मॅक या दोन्हींमध्ये त्याची आज्ञा अंगभूत आहे. ‘सेव्ह मेटाडेटा’ केल्याने जेपेग आणि डीएनजी फाईलींचा मजकूर बदलतो व त्यांचा एसएचएही बदलतो, म्हणून ते काम आधी आणि यादी नंतर, हा क्रम मोडू नये. अन्यथा ज्या फाईली निर्दोष आहेत त्याही बिघडल्यासारख्या दिसतील.

एसएचए जुळला म्हणजे फाईल अखंड आली एवढेच सिद्ध होते. संपादन बरोबर दिसते की नाही ते डोळ्यांनीच पाहावे लागते. त्यासाठी प्रत्येक प्रकारातील अवघड छायाचित्रे निवडावीत: ज्यावर मास्क (ठरावीक भागापुरते संपादन) आहेत, जे आडवे फिरवले आहे, ज्याची कड कापली आहे, ज्याच्या आभासी प्रती आहेत, ज्याचा मथळा लांब मराठीत आहे, आणि जे मध्यरात्रीनंतर काढलेले आहे. जुन्या संगणकावर त्यांच्या जेपेग प्रती काढून त्या नव्या संगणकावरील दृश्यांशेजारी ठेवून पाहाव्यात. हे काम मामांनी स्वतः करावे असे मी सुचवीन, कारण रंग कसा हवा होता हे त्यांनाच ठाऊक आहे.

जुना विंडोज संगणक आणि जुन्या लायब्रऱ्या लगेच काढून टाकू नयेत. नव्या संग्रहावर काही महिने प्रत्यक्ष काम करावे आणि त्या काळात जुन्या ठिकाणी एकही नवे संपादन करू नये, नाहीतर दोन ठिकाणी दोन वेगळ्या आवृत्त्या वाढत जातात. लाइटरूमची वर्गणी पुढे कधी थांबली तरी कॅटलॉग उघडतो आणि छायाचित्रे एक्स्पोर्ट करता येतात. फक्त डेव्हलप आणि मॅप हे विभाग बंद होतात. त्यामुळे संग्रह अडकून पडेल अशी भीती मामांना वाटत असेल तर ती बाळगण्याचे कारण नाही.

दीपमाळ (फोंडा)

आपल्याकडील हवामानामुळे एवढे जोडावेसे वाटते. हे स्थलांतर पावसाळ्यात करायचे झाल्यास डेस्कटॉप आणि बाहेरील डिस्क दोन्ही यूपीएसवर ठेवावीत, कारण कॅटलॉग किंवा फोटोजची लायब्ररी लिहिली जात असताना वीज गेली तर डेटाबेस अर्धवट राहू शकतो. नकला एकूण तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक माशेलच्या घराबाहेर, शक्य तर दुसऱ्या तालुक्यातील नातेवाइकांकडे, असावी. बंद ठेवलेली हार्ड डिस्क सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी आणि अधूनमधून जोडून एसएचएची यादी पुन्हा ताडून पाहावी.

कुळागर (माशेल)

सर्वांचे पुन्हा आभार. मामांशी सविस्तर बोलून क्रम असा ठरवला आहे: आधी त्यांच्या संगणकावर ‘सेव्ह मेटाडेटा’ आणि एसएचएची यादी, मग कॅटलॉगसह संपूर्ण फोल्डर एक्सफॅट डिस्कवरून मॅककडे, त्यानंतर माझ्या लायब्रऱ्यांतील मूळ व संपादित प्रती, आणि शेवटी मामेबहिणीच्या फोनमधील मूळ छायाचित्रे व गूगलमधील वर्णने. कावी चित्रे टिफमध्ये, बाकीची जेपेगमध्ये काढणार आहोत. अवघड छायाचित्रांची यादी करण्यास मामांनी आजच सुरुवात केली आहे, आणि मध्यरात्रीनंतरच्या छायाचित्रांत त्यांनी रणमाल्याची छायाचित्रेही घेतली आहेत.